बदली

गुरुवारी दोन वाजता जगदेवी येते.
चपला दाराबाहेर काढते,
जायच्या दिशेला तोंड करून.
स्वतःची पाण्याची बाटली, एक हातपंखा;
आमच्याकडे लाइट जाते हे तिला कुणी सांगितलं काय की.

पहिल्या गुरुवारी मी जिन्यातच बसले.
चार तास. आतलं खोकणं मोजत.
शेजारच्या सत्तव्वानं विचारलं, किल्ली हरवली काय गं?
हो म्हणाले.
काय सांगणार, की आठ वर्षांत
दार आतून लागलंय आणि मी बाहेर आहे
असं कधी झालंच नव्हतं.

भिवंडीहून नणंदेचा फोन:
'परक्या बाईच्या हवाली केलंस अप्पाला?'
चार तास, मी म्हटलं.
'चार तर चार. आपल्यात असं असतंय का?'
ती गड्ड्याच्या जत्रेला येते, दोन दिवस राहते,
किलोभर पेरू आणते.
मामांना बिया चावत नाहीत.

मामांच्या पायात माझ्या लेकीचा घुंगराचा वाळा,
काळ्या दोऱ्यात ओवलेला.
रात्री ते उठले की वाजतो.
लेक आता पुण्यात, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला.
वाळा वाजला की मी दचकते तिच्यासाठी
आणि उठते त्यांच्यासाठी.

चादरीच्या कडेला ते दिवसभर गाठी मारतात.
तुटलेला धागा त्यांना सापडतो, नसलेलाही.
अंगठा, बोट, जरा थुंकी, एक पीळ.
मला नरसव्वा म्हणतात, कधी जॉबरसाहेब.
एकदा हात जोडून म्हणाले,
बाई, आमचं घर कुठंशी आलं?
मी भाकरी थापत होते. थापतच राहिले.

तिसरा का चौथा गुरुवार असेल.
जगदेवीनं हात धुतले.
मी पिशवी घेऊन घुटमळत, तिला पाठ झालेल्या गोळ्या
पुन्हा सांगत.
मामांनी मान वर केली, दोघींकडे पाहिलं,
आणि साच्यांच्या खडखडाटात बोलायचा तो
जुना, मोठा आवाज काढून विचारलं:
'बदली आली काय?'

मला उमजायला वेळ लागला.
अकरा वर्षं ते स्वतः बदली होते.
पहाटे गिरणीच्या दाराशी, काखेत पितळी डबा.
कुणी आजारी पडलं, कुणाकडे मयत झाली, तर आत बोलावणं.
नाहीतर डबा तसाच घरी.
सासूबाई सांगायच्या, तोच डबा ताटात वाढताना
माणूस वर बघायचा नाही.

'आली,' जगदेवी म्हणाली.
'मग जा की तू,' मला म्हणाले,
'उभ्या उभ्या झोपतीस.
बोट जाईल साच्यात.'

गेले.
कन्ना चौकात डोळे तपासले. नंबर वाढलाय;
दोन वर्षं मी त्यांच्या गोळ्यांची नावं
अंदाजानं वाचत होते.
मग कंबर तलावाच्या काठाला, उन्हातच.
खारे दाणे घेतले, एकटीनं संपवले.
बाकावर डोळा लागला.
काही वाजलं नाही.
कुणीतरी उठवलं, बाई, पिशवी सांभाळा.
किती वाजले?
पाच.
अजून एक तास होता.
सुट्टे न मिळालेल्या नोटेसारखा
तो हातात धरून बसले.

सहाला दारात जगदेवीच्या चपला, तशाच.
मामांनी पंच्याच्या सगळ्या दशांना गाठी मारलेल्या,
एक चुकवली नव्हती.
'कोण?' म्हणाले.
बदली, मी म्हटलं.
त्यांनी जरा सरकून जागा केली,
पंच्याचं टोक माझ्या हातात दिलं.
'जपून,' म्हणाले,
'आज सूत कच्चं आलंय.'